फॉलोअपमध्ये गेलेले पेपर

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. वही क्लिनिकच्या कपाटातली आहे. मॅडमना विचारलं नाही. विचारलं असतं तर हो म्हणाल्या असत्या, मग विचारून फायदा काय.

संकल्प. तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. सकाळी पाचला उठणे. रोज दहा इंग्रजी शब्द. आणि ही नोकरी मार्चपर्यंतच. बुटीबोरी करून झालं, सुरत करून झालं, इथेच सिलतऱ्याचा कारखाना करून झाला. रायपूरच्या शंकर नगरातलं हे फिजिओथेरपीचं क्लिनिक म्हणजे मधला थांबा. दिवसभर लोकांच्या गुडघ्यावर गरम पॅक ठेवा, कमरेला पट्टा बांधून ट्रॅक्शनचं मशीन लावा, रजिस्टर लिहा. दहावी नापास माणसाला एवढंच जमते, असं बाबांना वाटते. माझा भाऊ निरंजन बी.एस्सी. आहे. तो दिग्रसजवळ गावात घरीच बसून आहे, पण बी.एस्सी. बसून आहे.

४ फेब्रुवारी
साडेसातला उठलो. थंडीत पाच ही वेळ चुकीची आहे. उन्हाळ्यापासून सुरू.

६ फेब्रुवारी
नोकरी सोडण्याचा विचार तूर्त थांबवला. कारण लिहितो.

रुचिता मॅडम, म्हणजे ज्यांचं क्लिनिक आहे त्या, पीएचडी करून राहिल्या. विषय असा की फिजिओथेरपीवर आपल्या देशात दर वर्षी किती संशोधन छापून येते, कशावर येते, वाढून राहिलं की कमी होऊन राहिलं. म्हणजे संशोधनावर संशोधन. आज कॉलेजातून दोन खोकी आली. पाच मासिकांतले, २०१५ ते २०२४, दहा वर्षांचे पेपर. एका पानावर एक पेपर: वर नाव, खाली लिहिणाऱ्यांची नावं, मग दहा-बारा ओळी. कोणी मोजलेले नाहीत. मोजायचेच तर आहेत.

मॅडम चौबे कॉलनीच्या. पणजोबांपासून इथल्या. मराठी सगळं समजते, बोलतात हिंदी. म्हणाल्या, इंद्रजीत, तेरी लिखाई अच्छी है, ये सब रजिस्टर में चढ़ा दे, जैसे पेशंट चढ़ाता है बिलकुल वैसे. मी विचारलं, यात माझं नाव छापून येईल काय. म्हणाल्या, पहले कर तो सही.

पहले कर तो सही म्हणजे हो.

७ फेब्रुवारी
बाबांना फोन केला. म्हटलं मी संशोधनात लागलो. म्हणे कशात? म्हटलं संशोधनात. म्हणे पगार वाढला का? म्हटलं नाही. म्हणे मंग कायचं लागला. निरंजनला दे म्हटलं तर तो झोपला होता. दुपारी दोनला.

नाव छापून येऊ दे, मग पाहतो.

१० फेब्रुवारी
पहिल्या दिवशी ४१ पेपर चढवले. काम सोपं आहे. इंग्रजी वाचायला येत नाही असं नाही, वेळ लागते एवढंच. नी म्हणजे गुडघा, बॅक म्हणजे कंबर, नेक म्हणजे मान. बाकी शब्द सोडून दिले तरी चालते.

पद्धत आपल्या रजिस्टरचीच ठेवली. नवीन पेशंटला नवीन नंबर. जुना परत आला की नवीन नंबर द्यायचा नाही, त्याच्या जुन्या नंबरापुढे ‘फॉ’ लिहायचं, म्हणजे फॉलोअप. महिन्याच्या शेवटी फक्त नवीन नंबर मोजायचे. मी नवा होतो तेव्हा एकाच काकूंना सहा खेपेला सहा नंबर दिले होते. मॅडम सगळ्यांसमोर बोलल्या होत्या. म्हणे, एक औरत के छह घुटने हैं क्या. तेव्हापासून माझी चूक झालेली नाही.

इथेही तसंच. पेपरवरचं पहिलं नाव म्हणजे पेशंट. तोच माणूस दुसऱ्या वर्षी दुसरा पेपर घेऊन आला की फॉ. लोक लय चालू आहेत. पुढची पानं चाळली तर एक जण नऊदा आला. त्याला काय नऊ नंबर द्यायचे.

१४ फेब्रुवारी
मानेत दुखते. दिवसभर खाली वाकून लिहितो ना. मानदुखीवरच ३० पेपर चढवले आज, पण काय करायचं ते एकाही पेपरात मला दिसलं नाही. व्यायाम करायला पाहिजे. सोमवारपासून.

खर्रा दोनदा. पण ताणामुळे.

१८ फेब्रुवारी
रिसेप्शनवरची श्रावणी रजिस्टर पाहून गेली. तिला म्हटलं, बघ, या धंद्याची मला नाडी समजली. सगळे पेपर ‘इफेक्ट ऑफ’पासून सुरू होतात. सगळे तीसच माणसांवर केलेले असतात. आणि सगळ्यांच्या शेवटी लिहिलेलं असते की यावर आणखी संशोधन झालं पाहिजे. मग यानं काय केलं. तीस माणसं तर आपल्याकडे दुपारपर्यंत होतात.

श्रावणी म्हणे, भैया, तुम तो डॉक्टर बन गए. म्हटलं बनलोच समज. तिनं माझ्याकडून शेकायच्या वॅक्सचं भांडं घासून घेतलं.

२४ फेब्रुवारी
मॅडमनी पाच पानं मधूनच उचलून तपासली. वर्ष बरोबर, अवयव बरोबर, माणसं बरोबर. खुश झाल्या. मी संधी साधून नावाचं पुन्हा काढलं. म्हणाल्या, सोचते हैं.

इंग्रजी शब्द आज दहा पाठ. संध्याकाळी चार आठवले. त्यातले दोन आधीच येत होते.

५ मार्च
झालं. दोन्ही खोकी रिकामी. दर वर्षाची बेरीज केली. २०१५ मध्ये ७४. २०१९ मध्ये ४८. २०२४ मध्ये फक्त १९. हळूहळू कमीच होत गेलं. मला वाईट वाटलं. म्हणजे ज्या धंद्यात मी आत्ता शिरलो तो बंद पडायला आला. माझं नेहमी असंच होते. सुरतला गेलो तेव्हा यंत्रमागही असेच.

६ मार्च
बेरजा पाहून मॅडम खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, कम हो रहा है? दोनदा बेरीज करून पाहिली. बेरीज बरोबर. मग त्यांनी त्यांच्या गाइडला फोन लावला. दिवाकर सर म्हणून आहेत, कॉलेजात असतात, फोन स्पीकरवर होता. सर म्हणाले, जगात सगळीकडे आलेख चढतो आहे आणि आपला उतरतो आहे? रुचिता, ये तो बड़ी बात है. मग म्हणाले का उतरतो त्याची कारणं लिहून काढ, नागपूरच्या परिषदेला पाठवू.

मॅडमनी सहा कारणं काढली. पोरं परदेशात जातात. करोना. कॉलेजात वेळ मिळत नाही. अशी. मला विचारलं तुला काय वाटते. म्हटलं मॅडम, लोकांचा उत्साह संपला. त्यांनी ते पण लिहून घेतलं, इंग्रजीत.

११ मार्च
तिसऱ्यांदा विचारलं. मॅडम म्हणाल्या, ठीक है बाबा, डाल देती हूँ. तीन नावं जाणार. त्यांचं, दिवाकर सरांचं, इंद्रजीत नत्थूजी सुखदेवे. नत्थूजी पूर्ण लिहायला सांगितलं. बाबांचंही छापून येऊ दे, कधी आलं आहे त्यांचं.

२८ मार्च
परिषदेनं घेतला. पोस्टर लावायचा आहे. मॅडमनी क्लिनिकमध्ये पेढे वाटले. मी पेशंटांनाही सांगितलं. गुडघ्याचे वर्मा अंकल म्हणाले, तो बेटा इतने पेपर पढ़े, मेरे घुटने का क्या निकला. म्हटलं अंकल, घुटने पे सबसे ज़्यादा है. म्हणाले, हाँ पर निकला क्या. आता मोजणाऱ्याला हे विचारून काय उपयोग.

नोकरी सोडायचा विषय कायमचा रद्द. उलट पगाराचं बोलायचं आहे. परिषदेनंतर.

१३ एप्रिल
गावाकडं फोन. बाबांनी पोस्टर म्हणजे काय विचारलं. म्हटलं मोठा फ्लेक्स असते, नाव असते. म्हणे वाढदिवसाचा असते तसा? म्हटलं नाही, इंग्रजीत. मग त्यांचा आवाज बदलला. इंग्रजीत काय, म्हणे. आईला ओरडून सांगितलं, अंजना, पोट्ट्याचं नाव इंग्रजीत लागून राहिलं नागपूरले.

निरंजन जागा होता. चांगलं आहे म्हणाला. एवढंच. जळला.

२६ एप्रिल, शनिवार. नागपूर. दुपारी एक
मॅडमसोबत आलो. पोस्टर मी लावला, चारही कोपऱ्यांना टेप. सरळ लागला आहे. नावासकट फोटो काढून बाबांना पाठवला, मग वेगळा फक्त नावाचा. फोटोत माझा अंगठा आला होता म्हणून परत काढला.

लोक थांबून पाहून राहिले. उतरता आलेख दुसऱ्या कोणाचाच नाही. बाजूच्या पोस्टरपुढं कोणी उभं नाही. मॅडम खुश. रायपूरहून आणलेली नवी साडी नेसल्या. मला म्हणाल्या जा, जेवून ये. मी म्हटलं नाही, लेखकानं पोस्टरजवळ थांबलं पाहिजे.

त्याच दिवशी. पाच वाजता, स्टेशन
जेवायला जायला पाहिजे होतं.

तीनच्या सुमारास एक म्हातारे डॉक्टर आले. अच्युत सर. सगळे बाजूला सरकत होते त्यावरून मोठे असावेत. चष्मा वर करून आलेख पाहिला. मॅडमना म्हणाले, बाई, या पाच मासिकांत माझेच अकरा पेपर आहेत या दहा वर्षांत. तुमच्या मोजणीत किती आले? मॅडम म्हणाल्या सगळेच असतील सर. रजिस्टर सोबत आणलंच होतं मी, पुरावा म्हणून. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी लगेच पान काढलं. म्हटलं सर, तुमचा नंबर ५२. आणि पुढं फॉ, फॉ, फॉ, दहा वेळा.

सर म्हणाले, हे फॉ काय आहे.

म्हटलं सर, तुम्ही २०१५ ला नवीन आले. त्यानंतरचे दहा तुमचे फॉलोअपमध्ये गेले. ते मोजत नसतात.

अच्युत सरांनी चष्मा परत खाली घेतला. मग म्हणाले, म्हणजे मी अजून बरा झालो नाही. आजूबाजूचे हसले. मीही हसलो, कारण सर चांगल्या मूडमध्ये वाटले. मग पाहिलं तर मॅडम हसत नव्हत्या. त्या रजिस्टरची पानं उलटत होत्या, पटपट, मागं जाऊन. मग त्यांनी स्वतः टेप काढला. एका कोपऱ्याला भिंतीचा रंग निघाला.

अजून मला समजलं नाही माझं चुकलं कुठं. जैसे पेशंट चढ़ाता है बिलकुल वैसे. हे त्यांचेच शब्द आहेत.

२७ एप्रिल, रविवार. रायपूर
समजलं.

गाडीत गोंदियापर्यंत मॅडम रजिस्टरच पाहत होत्या. मग म्हणाल्या, तूने मेरे ही रजिस्टर का नियम लगाया ना. म्हटलं हाव. म्हणाल्या, मेरी गलती है, मुझे बताना था. मग समजावलं. माणसं नाही मोजायची, पेपर मोजायचे. जुना माणूस नवा पेपर लिहितो म्हणजे ते वाढणंच झालं. मी जितके फॉ लिहिले तितकं संशोधन वाढत होतं आणि मी ते कमी करत होतो.

रागावल्या असत्या तर मी उलट बोललो असतो. तयारी होती. त्या रागावल्याच नाहीत, त्यामुळं ते सगळं पोटात राहिलं.

बाबांचा मेसेज: फोटो विहारात सगळ्यांले दाखवला.

२९ एप्रिल
दिवाकर सरांचा फोन. स्पीकरवर नव्हता, तरी ऐकू आला. सबसे पहले मेरा नाम निकालो. त्यांनी स्वतःच परिषदेला मेल केला, माझं नाव काढा. मॅडमनीही केला, माझं नाव काढा. माझ्या नावाचं काही कोणी बोललं नाही. मीही आठवण दिली नाही.

मॅडम आता रोज पेशंट संपल्यावर स्वतः मोजायला बसतात. आतापर्यंत आलेख चढता निघून राहिला. सगळ्यांचाच चढता असते. त्यात नवीन काय.

खर्रा पाच. संकल्प वगैरे पुढच्या महिन्यात.

८ मे
परिषदेचं पुस्तक वेबसाइटवर आलं. श्रावणीनं पाहिलं, मला हाक मारली. भैया, इधर आओ, जल्दी. पान ६३. आमचाच पेपर. संशोधन कमी होऊन राहिलं, ७४ वरून १९, सहा कारणं, लोकांचा उत्साह संपला, सगळं तसंच. आणि वर लेखक एकच.

इंद्रजीत नत्थूजी सुखदेवे.

तिथल्या कारकुनानं सांगितलेलं तंतोतंत केलं. दोन नावं काढायला सांगितली, दोन काढली. पेपर काढा असं कोणी म्हटलंच नव्हतं.

मी ते पान चारदा वाचलं. एकट्याचं नाव लय चांगलं दिसते. मोकळं दिसते. लिंक बाबांना पाठवून दिली. चूक की बरोबर ते वेगळं, नाव माझंच आहे ना.

९ मे
बाबांचा फोन. बारा तारखेला बुद्धपौर्णिमा, विहारात कार्यक्रम आहे. अध्यक्षांशी बोलले. पोट्ट्याचा सत्कार. मी येऊ शकत नाही म्हटलं तर म्हणे तू नको येऊ, नाव वाचून दाखवू, तुझ्या बदली शाल मी घेतो. निरंजन मोबाइलवर पान उघडून सगळ्यांले वाचून दाखवेन. इंग्रजी त्यालेच येते ना.

शाल दिग्रसहून आणली पण.

१० मे
मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. पानाखाली क्लिनिकचं नाव आणि पत्ता आहे. वीस तारखेला त्यांना विद्यापीठात पीएचडीचा आढावा द्यायचा आहे, याच विषयावर. तिथं त्या सांगणार संशोधन वाढलं. आणि त्यांच्याच क्लिनिकचा पेपर पुस्तकात म्हणते की कमी झालं. समिती हे दोन्ही समोर ठेवेल. चार वर्षं गेली त्यांची या पीएचडीत.

परिषदेला फोन केला तर तिथले म्हणतात, आता पेपर फक्त लेखकच मागे घेऊ शकतो. लेखक म्हणजे मी. मॅडम म्हणाल्या, एक अर्ज लिख देगा?

म्हटलं विचार करतो. ‘सोचते हैं’ म्हणालो. त्यांनी मान हलवली.

१० मे, संध्याकाळ
विचार. अर्ज तेरा तारखेला दिला तर काय बिघडते? पौर्णिमा होऊन जाईल. वीसला वेळ आहे. आणि सरकारी असो की खासगी, वेबसाइटवरचं काढायला महिना तर लागतेच. म्हणजे आज दिला तरी महिना, तेराला दिला तरी महिना. म्हणजे तेराला दिलेला बरा. हे सगळं एकदम बरोबर आहे.

११ मे, रविवार
क्लिनिक बंद असते, पण मी बूट न्यायला गेलो होतो. मॅडम आत होत्या. ट्रॅक्शनच्या बेडवर पानं पसरून मोजत होत्या, मानेवर स्वतःच गरम पॅक ठेवून. पॅक नीट गुंडाळला नव्हता. असा ठेवला तर चामडी भाजते. रोज मला सांगतात, आणि स्वतः.

मी तो काढला, टॉवेलची घडी वाढवून परत ठेवला. त्यांनी विचारलं नाही. कालचं काहीच काढलं नाही. कितवा आहे विचारलं तर म्हणाल्या, नौ सौ चालीस.

म्हटलं मॅडम, कागद द्या.

अर्ज मराठीत लिहिला. मी इंद्रजीत नत्थूजी सुखदेवे, माझा पेपर चुकीचा मोजला असल्यामुळे मागे घेतो. मॅडमनी इंग्रजी केलं. सही मी केली. तीनदा वाचलं. ‘माझा पेपर’ तर लिहिलंच आहे त्यात.

मेल गेला साडेअकराला. महिना लागेल.

१२ मे, सोमवार
महिना लागला नाही. दीड दिवस पण पुरा लागला नाही.

संध्याकाळी सातला बाबांचा फोन. विहारात शंभर-सव्वाशे माणूस. अध्यक्षांनी नाव पुकारलं. निरंजन उठला, माइक घेतला, मोबाइलवर लिंक उघडली. पान ६३ वर आता एकच ओळ आहे. त्यानं ती वाचली. इंग्रजीत वाचून गप बसला असता तर चाललं असतं. बी.एस्सी. आहे ना. मराठी करून सांगितलं. लेखकाच्या विनंतीवरून मागे घेण्यात आला आहे.

बाबा म्हणाले, मागे घेतला म्हणजे काय?

म्हटलं परत घेतला.

कोणं?

म्हटलं मीच.

मागून माइकवर कोणीतरी हॅलो हॅलो करून राहिलं होतं. मग म्हणाले, तूनंच घेतला ना? दुसऱ्यानं तर नाही हिसकला? म्हटलं नाही. चुकीचा होता. म्हणे, मंग ठीक आहे. जेवला का?

जेवलो म्हटलं. शालीचं काय झालं विचारलं.

म्हणाले, शाल उघडली होती, हारही आणला होता, ते असं परत नेता येते का. मंग अध्यक्षांनी लाऊडस्पीकरवाल्याले पुढं बोलावलं. बारा वर्षं झाले, बिचारा दर पौर्णिमेले वायरी घेऊन येते, त्याच्याकडं कोणं पाहत नाही. त्याच्या अंगावर घातली. लय रडला तो.

म्हटलं चांगलं झालं.

म्हणे, हाव. चांगलंच झालं. शाल तुझ्या नावाची होती, पण त्यालेही बराबर आली.